आरशावरची बचत

ताईच्या पार्लरमध्ये शिरलं की आधी ताईचा आवाज भेटायचा आणि त्यामागून ताई. उजव्या हातात कात्री, डाव्यात कंगवा आणि तोंडात चालू विषय, अशी तिघं मिळून केस कापत. त्यातलं एक जरी गळालं तरी उरलेल्या दोघांना काम जमत नसे. मागे एकदा घसा बसला म्हणून तिने दोन दिवस खुणांवर धंदा चालवून पाहिला होता. तेवढ्यात एका शिक्षिकाबाईंची समोरची बट अशी कापली गेली की त्या आठवडाभर डोक्याला रुमाल बांधून गणित शिकवत होत्या.

पार्लर म्हणजे तळमजल्यावरची एकच खोली. रस्त्याकडे काचेचं दार, आत डावीकडे भिंतभर आरसा, त्याच्यासमोर दोन खुर्च्या, कोपऱ्यात केस धुवायचं बेसिन, दाराशी एक बाकडं आणि पडद्याआड एक अरुंद पलंग. या पलंगावर चेहऱ्याला लेप लावून डोळे मिटून पडलेल्या बायका ऐकू नये ते सगळं ऐकत. दोन खुर्च्यांपैकी एक खचली होती. तिच्यावर बसलेलं गिऱ्हाईक बोलता बोलता हळूहळू खाली जाई आणि शेवटी आरशात नुसतं कपाळ आणि केस उरत. ताईच्या मते कापायला तेवढं पुष्कळ होतं.

खोली वरच्या काकूंची. काकू वरच्या मजल्यावर एकट्या राहत आणि महिन्यातून एकदा केस रंगवायला खाली येत. त्या रंगाचे पैसे त्यांनी कधी दिले नव्हते आणि ताईने कधी मागितले नव्हते. "घरचंच तर आहे," असं दोघीही म्हणत. फरक एवढाच, की काकू म्हणत तेव्हा ते घर काकूंचं असे.

अशाच एका रंगाच्या दिवशी, डोक्यावर प्लास्टिकची टोपी चढवून बसलेल्या काकू सहज म्हणून गेल्या, "मला मेलीला काय करायचीय ही खोली? नळ गळला की माणूस शोधा, भिंत पोपडली की रंगारी शोधा. तूच घेऊन टाक बाई. तेरा लाखांत देते तुला. बाहेरच्याला तेवढ्यात नुसतं दार मिळेल."

ताई हसली. तेरा लाख हा आकडा तिने आजवर फक्त दुसऱ्यांच्या घरच्या लग्नखर्चात ऐकला होता. पण संध्याकाळी घरी भाजी चिरताना तो डोक्यातून जाईना. बारा वर्षं दिलेलं भाडं तिने मनातल्या मनात मांडायला घेतलं, आणि बेरीज निम्म्यावर आल्यावर सुरी खाली ठेवली, कारण पुढे बोट होतं.

तिची नणंद एका पतपेढीत काउंटरवर बसायची. पैशाच्या बाबतीत ती नाकाने कांदे सोलायची, पण मनाने चांगली होती. ताईने विषय काढल्याबरोबर ती म्हणाली, "वहिनी, स्वप्न वेगळं आणि ध्येय वेगळं."

"काय वेगळं असतं त्यात?"

"रविवारी कळेल. आमच्या पतपेढीने व्याख्यान ठेवलंय. चल माझ्याबरोबर, चहा पण आहे."

व्याख्याता जाकीट घातलेला तरुण होता. त्याने स्वतः कुठलं ध्येय गाठलं ते सांगितलं नाही, पण इतरांची इतकी सांगितली की विचारायला सवड उरली नाही. त्याचं म्हणणं मात्र सोपं होतं. आकडा ठरवा, तारीख ठरवा. पैसा हातात आला की बचत आधी बाजूला काढा आणि घर उरलेल्यात चालवा. शिवाय ध्येय कागदावर काढून आरशावर लावा आणि चार लोकांना सांगा, म्हणजे हौसेने नाही तर लाजेने तरी ते पुरं होतं. सभागृहातल्या सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं, चहा प्यायला आणि वही मिटली. ताईने वही नेलीच नव्हती. त्यामुळे तिला ते करावं लागलं.

हिशेब नणंदेने घालून दिला. पतपेढी जास्तीत जास्त नऊ लाख कर्ज देणार, हप्ता भाड्याहून थोडाच वर. वरचे चार लाख ताईने स्वतः उभे करायचे, दोन वर्षांत. ताईने कंबर कसली. सोमवारची सुट्टी बंद झाली. गल्ल्यातले पैसे रोज दुपारी, म्हणजे त्यांना दुसरी वाट सुचायच्या आत, पतपेढीत जाऊ लागले. नवरीच्या मेकअपला ती आजवर "तुमच्या मुलीसारखीच" म्हणून अर्धे पैसे घ्यायची. आता ती तेच वाक्य म्हणून पूर्ण घेऊ लागली. आणि कुणाचीही मुलगी कमी गोड दिसली नाही.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर उंच इमारतींच्या अंधाऱ्या उभ्या बोगद्यात एकट्याने काम करून त्याला बोलायची सवय राहिली नव्हती, आणि घरी आल्यावर लागतही नव्हती. त्याने सगळं ऐकून घेतलं, पार्लरमधली केस वाळवायची दोन्ही बिघडलेली यंत्रं घरी आणून दुरुस्त केली, आणि म्हणाला, "मी पण सिगारेट सोडतो."

तो सिगारेट ओढतो हे ताईला तेव्हाच कळलं.

राहिला आरसा. घरात आरसा होता, पण तो नवऱ्याचा दाढीचा, तळहाताएवढा. शिवाय आरसा म्हटल्यावर ताईच्या डोळ्यांसमोर दुसरा कुठला येणार? तिने एका लांब कागदावर नेलपॉलिशची भलीमोठी बाटली काढली, तिच्यावर एक ते चार लाखांच्या रेघा मारल्या, खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं, "बाटली भरली की खोली आपली", आणि तो कागद पार्लरच्या आरशावर दोन खुर्च्यांच्या बरोबर मध्ये चिकटवला. व्याख्यात्याने चार लोकांना सांगा म्हटलं होतं. ताईकडे आठवड्याला चार लोक नुसते भुवया कोरायला येत.

दर आठवड्याला, जमले तितक्या पैशांचा पट्टा ती न खपलेल्या नेलपॉलिशने रंगवायची. पहिला पट्टा भडक नारिंगी होता, जो रंग तीन वर्षांत एकाही बाईने बोटाला लावू दिला नव्हता. त्याच्यावर जांभळा आला, मग पोपटी. बायकांना या बाटलीचा असा नाद लागला की विचारू नका.

"ताई, या आठवड्यात हललीच नाही हो बाटली!"

"परीक्षा चालू आहेत ना. आया घरात, तर माझी खुर्ची रिकामी."

"मग करून टाका माझं फेशियल. एवढं बोटभर तरी चढू दे."

या शिक्षिकाबाई होत्या. त्या बटेनंतरही त्या येत राहिल्या होत्या, यावरून ताईच्या गप्पांची प्रत लक्षात यावी. बाटली आता एकट्या ताईची राहिली नव्हती. कोपऱ्यावरची शिंपीण येता जाता दारातून डोकावून पट्टे मोजायची. औषधाच्या दुकानातली मुलगी तर म्हणाली होती, "माझ्या घरच्या कपाटापेक्षा मला तुमच्या बाटलीचीच जास्त माहिती आहे."

आणि काकूही बघत होत्या. महिन्यातून एकदा डोक्याला रंग थापून, अर्धा तास, बाटलीच्या अगदी समोर. दुसरीकडे बघायला जागाच नव्हती.

बाटली तिसऱ्या रेघेच्या वर चढली त्या महिन्यात काकू म्हणाल्या, "छान चाललंय हो तुझं. पण मी काय म्हणते, भाव कुठल्या कुठे गेलेत. पलीकडच्या गल्लीत याच्या निम्मी खोली सोळाला गेली. मी तुला म्हणून पंधरा लावीन."

भाजीवाल्याने जुडीमागे एक रुपया वाढवला तर ताई त्याच्या सात पिढ्या हजर करायची. नळ दुरुस्त करणारा, पेपर टाकणारा, पावडरच्या कंपनीचा विक्रेता, कुणीही तिच्याकडून सांगितलेला भाव घेऊन गेलेला नव्हता. पण ही खोली म्हणजे भाजी नव्हती. हे ध्येय होतं. ध्येय महाग झालं तर माणसाने मोठं व्हायचं असतं, असं व्याख्यानात स्पष्ट सांगितलं होतं. ध्येयाला "जरा कमी करा हो" म्हणायचं असतं, असं कुणी बोललं नव्हतं. ताई "बरं काकू," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी कागदाला वरून आणखी एक कागद जोडून बाटलीची मान दोन लाखांनी लांब केली.

ती मानही रंगू लागली. ताईने दुपारचं घरी जाऊन जेवणं बंद करून डबा आणायला सुरुवात केली, त्या वेळात दोन डोकी जास्त व्हायची. वर्ष उलटलं. पाच लाखांची रेघ ओल्या गुलाबी रंगाने झाकली गेली त्याच दिवशी काकू खाली आल्या, खुर्चीत बसल्या, बाटलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "एक मोबाईलवाला येऊन गेला गं परवा. खोलीबद्दल विचारत होता. सतरापर्यंत जाईल तो, असं वाटतं मला. आता बघ बाई, तुला अडचणीत टाकायचं नाही मला. पण सतरा."

या वेळी ताईच्या हातातला ब्रश थांबला. सतरा म्हणजे स्वतःचे आठ. आणि मोबाईलवाला दोन वर्षं थांबणार नव्हता. त्याने घेतली तर इथे काचेचं कपाट येणार, आरसा निघणार, आणि चौदा वर्षं जमवलेली गिऱ्हाइकं नव्या जागेपर्यंत चालत येतीलच असं नाही. केस कुठेही वाढतात आणि कुठेही कापून मिळतात.

घरी आल्यावर तिने कागद, कात्री आणि डिंक काढला. बाटलीला तिसरा मजला चढवायचा होता. नवरा शेजारी बसून एक बटण उघडून साफ करत होता.

"अहो, सतरा झाले."

"हं."

"हं काय? मान इतकी लांब झाली की ती बाटली वाटतच नाही, जिराफ वाटतो."

नवऱ्याने बटणावर फुंकर मारली. "तू पत्ते उघडे टाकून खेळतेस," तो म्हणाला. "तुझ्याकडे किती आहेत ते त्यांना तूच रंगवून दाखवतेस. मग त्या तेवढ्याच पुढे सरकतात."

"लोकांना सांगा म्हणाला होता तो!"

"लोकांना. विकणाऱ्याला नाही."

ताई गप्प झाली. हे इतकं क्वचित घडायचं की नवऱ्याने मान वर करून पाहिलं, आणि बहुधा त्या शांततेची भीती वाटूनच त्या वर्षातलं सगळ्यात लांब भाषण केलं. "लिफ्टमध्ये एक माणूस जास्त चढला ना, तर लिफ्ट भांडत नाही. दार उघडं ठेवून नुसती उभी राहते. थोड्या वेळाने आतलीच माणसं एकमेकांकडे बघायला लागतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने आरशावरचा कागद काढला. आरशावर डिंकाचे चार ठिपके राहिले. आणि खोलीबद्दल एक शब्द काढायचा नाही, असं तिने ठरवलं. हे ठरवणं तिच्या जिवावर आलं होतं, कारण त्या दिवशी प्रत्येक बाई दारातूनच ओरडत होती.

"बाटली कुठाय?"

"काढली."

"का?"

"अशीच."

ताईच्या तोंडून एका शब्दाचं उत्तर आजवर कुणी ऐकलं नव्हतं. त्यामुळे उरलेले शब्द बायकांनी स्वतःच भरले. शिंपिणीच्या मते ताईने बस थांब्याजवळ जागा पाहिली होती. औषधाच्या दुकानातल्या मुलीने त्या जागेला दोन खिडक्या दिल्या. शिक्षिकाबाईंपर्यंत बातमी पोचली तेव्हा बस थांब्याजवळच्या पार्लरला उद्घाटनाची तारीखही होती. ताईने यातलं काहीही म्हटलं नव्हतं. तिने नाकारलंही नाही, हे मात्र मान्य करायला हवं.

काकूंच्या रंगाला अजून दहाबारा दिवस होते. त्या तिसऱ्याच दिवशी खाली आल्या.

"भांगात पांढरं दिसतंय," त्या म्हणाल्या. दिसत नव्हतं.

ताईने मान हलवली आणि काकूंना न खचलेल्या खुर्चीत बसवलं. गळ्याभोवती कापड बांधलं. कपाळाच्या कडेने आणि कानांमागे क्रीम लावलं, म्हणजे कातडी रंगू नये. वाटीत रंग कालवला. दुसऱ्या खुर्चीत शिक्षिकाबाई ओले केस घेऊन बसल्या होत्या, बाकड्यावर शिंपीण होती, पडद्याआड औषधाच्या दुकानातली मुलगी चेहऱ्याला लेप लावून पडली होती. कुणी बोलत नव्हतं. ताईने ब्रश उचलला आणि जीभ दाताखाली धरली. तोंड बंद आणि हात चालू, हे गणित तिला कधी सुटलं नव्हतं. पहिली बट रंगली, दुसरी रंगली. तिसऱ्या बटेला हात किंचित थरथरला आणि शिक्षिकाबाईंनी नकळत स्वतःच्या कपाळावरच्या केसांवर हात ठेवला. पण रंग कानावर गेला नाही. सगळं डोकं रंगलं, टोपी चढली, ताईने गजर लावला आणि हात धुवायला वळली.

काकू आरशात बघत बसल्या. समोर बाटली नव्हती, त्यामुळे दोन वर्षांत पहिल्यांदाच तिथे फक्त त्या स्वतः दिसत होत्या, तेही टोपी घातलेल्या.

"उकडतंय," काकू म्हणाल्या.

ताईने पंखा वाढवला.

"तुझी तब्येत बरी आहे ना?"

ताईने मान डोलावली.

"बस थांब्याजवळ धूळ फार असते हो," काकू छताला सांगितल्यासारखं म्हणाल्या. बाकड्यावरून शिंपिणीने खोकला काढला. ताई टॉवेलची घडी घालत होती. घडी घालून झाली, मग तिने ती मोडून पुन्हा घातली. गजराची टिकटिक इतकी मोठी आहे हे त्या खोलीत आजवर कुणाला माहीत नव्हतं.

"तो मोबाईलवाला..." काकू म्हणाल्या आणि थांबल्या. कुणी "काय झालं त्याचं?" असं विचारलं नाही. "तो तसा खोली घ्यायला आला नव्हता. तुझ्या दारावर त्याची पाटी लावू का, एवढंच विचारत होता."

ताईने पुन्हा घडी मोडली.

"अगं, बोल की काहीतरी!" काकू एकदम खुर्चीतच वळल्या. "तेराचे मी पंधरा केले, तू 'बरं काकू' म्हणालीस. सतरा केले, तेव्हा तर तेवढंही नाही! मी आपली वाट बघतेय, आता म्हणेल जास्त होतात काकू, मग म्हणेल, भिंत बघा, नळ बघा. तर तू वरून कागद चिकटवतेस! कोपऱ्यावर भाजीवाल्याला रडवतेस ते मी गॅलरीतून रोज ऐकते, आणि माझ्याशी एक शब्द नाही? मी काय परकी आहे?"

ताईच्या हातातून टॉवेल पडला. "म्हणजे... कमी करा म्हणायचं होतं?"

"नाही तर काय! पहिल्या शब्दाला कोण देतं गं खोली?"

पडद्याआडून लेपामुळे घट्ट झालेल्या तोंडाने आवाज आला, "ताई, बारा म्हणा!"

"बारा," ताई म्हणाली.

"बारा?" काकूंचा चेहरा उजळला. "लाज नाही वाटत? मी तेरा बोलले होते, तेही दोन वर्षांपूर्वी!"

"तेव्हा बेसिनखाली ओल नव्हती."

"ओल तुझ्यामुळे आली! दिवसभर गावाची डोकी धुतेस. सोळा."

"दाराची काच मी बसवून घेतली. फरशी मी बदलली. माझ्याच फरशीचे पैसे मीच देऊ? साडेबारा."

"आणि मी वर असते म्हणून दुकान राखलं जातं त्याचं काय? साडेपंधरा."

"काकू, तुमची गॅलरी माझ्या पाटीवर ठिबकते. झाडांना पाणी तुम्ही घालता आणि आंघोळ माझ्या गिऱ्हाइकांची होते."

"खरंय," शिंपीण बाकड्यावरून म्हणाली. "माझा पदर भिजलाय."

"तू मध्ये पडू नकोस, तू भाडेकरू नाहीस," काकू म्हणाल्या. "पंधरा."

ताईला वाचा फुटली ती अशी की मागचे तीन दिवसही तिने त्यात वसूल केले. तिने खिडकीची गंजलेली कडी काढली, पोपडा आलेला कोपरा काढला, पावसात दाराशी साचणारं पाणी काढलं. काकूंनी रस्त्यावरची वर्दळ काढली, भिंतींची जाडी काढली, आणि त्यांच्या यजमानांनी ही इमारत बांधताना स्वतः उभं राहून सिमेंट मोजून घेतलं होतं ते काढलं. शिक्षिकाबाई ओल्या केसांनी बेरजा करून देत होत्या, दोन्ही बाजूंना. मध्ये गजर वाजला. शिंपिणीने तो उठून बंद केला, कारण त्या वेळी साडेचौदा चालू होते आणि अशा जागी सौदा कुणी अर्धा सोडत नाही.

काकू चौदावर येऊन थांबल्या. "पावणेचौदा," ताई शेवटी म्हणाली. "याच्यावर एक पैसा नाही. माझ्याकडे नाहीच आहे, काकू. खरंच."

काकूंनी आरशात तिच्याकडे पाहिलं. बाटली आरशावर नसली तरी त्यांना ती पाठ होती. पावणेचौदा झाले की ताईकडे कागदपत्रांपुरतंच उरतं हे त्यांना ताईइतकंच माहीत होतं.

"पावणेचौदा," काकू म्हणाल्या. "पण पंचवीस हजार मी सोडलेत असं सगळ्यांना सांगायचं."

"पन्नास सोडलेत असं सांगते."

"सांग. आणि आता हे डोकं धू, भाजतंय."

टोपी काढली तेव्हा केस काकूंच्या लग्नातही नसतील इतके काळे झाले होते. चेहरा त्यांच्याखाली एकदम वयस्कर वाटू लागला. काकू मात्र आरशात डावी-उजवीकडे वळून समाधानाने बघत राहिल्या. सौदा घासून केलेल्या माणसाला सगळंच छान दिसतं.

कर्जाचे कागद नणंदेने स्वतः पुढे सरकवले आणि प्रत्येक सहीच्या आधी वहिनीला ते वाचायला लावले. खरेदीखतावर सह्या झाल्या त्या दिवशी काकूंनी नोंदणी कार्यालयातल्या कारकुनालाही सांगितलं की आपण पन्नास हजार सोडलेत. नवरा साक्षीदार म्हणून आला होता. त्याने सही केली, इमारतीची लिफ्ट बंद आहे हे पाहिलं आणि येताना ती चालू करून आला.

महिना संपला. पहिल्या तारखेला सकाळी ताईने दुकान उघडलं, गल्ल्यातून पैसे मोजून घेतले, जिना चढून वर गेली आणि काकूंची बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं, पैसे घेतले, अंगठ्याला थुंकी लावून दोनदा मोजले, बरोबर आहेत म्हणाल्या. ताई तीन पायऱ्या उतरली आणि थांबली. वर काकूही दारात पैसे हातात धरून उभ्याच होत्या.

"अगं, हे कशाचे?"

"भाड्याचे."

"कुणाच्या खोलीचे?"

ताई इतकी हसली की तिला कठड्याला धरून पायरीवर बसावं लागलं. काकूंनी पैसे परत दिले. लगेच नाही, पण दिले.